मोकळा ट्रेलर

गाडी तापते म्हणून गॅरेजला येणाऱ्या दहा माणसांपैकी सात जण खोटं बोलतात, हे मी तीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो. कुणी रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी नळाचं पाणी ओतत असतो. कुणी सुई लाल पट्ट्यात गेलेली बघूनही "जरा पुढे जाऊन थांबू" म्हणत वीस किलोमीटर दामटतो आणि मग इथे येऊन असा चेहरा करतो, जणू इंजिनानंच त्याचा घात केला. म्हणून माझी एक पद्धत आहे. गिऱ्हाईक सांगेल ते ऐकून घ्यायचं, मान डोलवायची आणि काहीच ऐकलं नाही असं समजून बॉनेट उघडायचं. या वेळी गिऱ्हाईक माझा जावई होता, तरी मी पद्धत बदलली नाही.

जावई सुतार आहे. कपाटं आणि पलंग करतो. हात चांगला आहे, ते मी नाकारत नाही, पण बोलायचं म्हटलं की शब्दाशब्दाला दात उपटावा तसं करतो. घरात मी त्याला 'मौनी' म्हणायचो आणि बायको माझ्यावर डोळे वटारायची. आठवड्यातून दोनदा तो घाटापलीकडच्या गावात एका दुकानाला कपाटं पोचवतो. नव्या बोगद्यातून ट्रेलर न्यायला बंदी आहे, त्यामुळे त्याला जुन्या घाटानं जावं लागतं. जाताना ट्रेलर गच्च भरलेला, येताना मोकळा. गेल्या दीड महिन्यापासून मात्र त्याला घरी यायला दोन-अडीच तास उशीर व्हायला लागला होता आणि दर वेळी कारण एकच, गाडी तापली.

"घाट चढताना तापते ना?" मी विचारलं.

"हो. येताना."

"येताना म्हणजे मोकळा ट्रेलर असताना?"

"हो."

"आणि भरलेला असताना?"

"नाही तापत."

इथे माझ्या मनात पाल चुकचुकली. ट्रेलर ओढताना इंजिन तापतं याची कारणं सरळ असतात. ओझं वाढलं की इंजिनाला जास्त राबावं लागतं, जास्त उष्णता निघते, आणि रेडिएटर अर्धा तुंबलेला असेल किंवा पंखा मंदावला असेल तर ती उष्णता बाहेर पडत नाही. एरवी लपून राहिलेला दोष ओझ्याखाली उघडा पडतो. पण ओझं असताना थंड आणि ओझं उतरल्यावर गरम, असं इंजिन मी जन्मात पाहिलेलं नव्हतं.

खरं सांगायचं तर प्रश्न इंजिनाचा नव्हताच. आठ दिवसांपूर्वी माझी लेक बॅग भरून आमच्याकडे आली होती. पहिले दोन दिवस ती कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आईजवळ मोकळी झाली. घाटापलीकडे त्याचं कुणीतरी आहे, असं तिचं म्हणणं. उशीर हे एक झालं. शिवाय एकदा तो आल्या आल्या ती ट्रेलर झाडायला गेली, तर आतली हवा कोंदट आणि ऊबदार होती, आणि लाकूड-वॉर्निशच्या वासात दुसराच वास मिसळलेला होता. तेल लावलेले केस, घाम, ओले लोकरीचे कपडे. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, मी कुणालाही आणलं नाही. बस, एवढंच. दुसरा कुणी असता तर शपथा घेतल्या असत्या, भांडला असता. मौनी गप्प बसला आणि त्याच्या त्या गप्प बसण्यानंच तिचा संशय पक्का झाला.

"बाबा, तुम्ही गाडी तपासा," ती मला म्हणाली. "दोष निघाला तर मी परत जाते. नाही निघाला तर मात्र मला जा म्हणू नका."

आता बापानं काय करावं? तिचं घर टिकणार की मोडणार हे माझ्या पान्यावर येऊन ठेपलं होतं. रात्री मला नीट जेवण गेलं नाही.

मी दोन दिवस त्या गाडीला लागलो होतो. रेडिएटर उतरवून धुतला, एकही जाळी तुंबलेली नव्हती. थर्मोस्टॅट काढून पातेल्यातल्या पाण्यात टाकला, पाणी तापवत नेलं, आणि जेवढ्याला उघडायला हवा बरोब्बर तेवढ्यालाच तो उघडला. पाण्याचा पंप, पंख्याचा पट्टा, होजपाइप, झाकणाचं प्रेशर, सगळं जागेवर होतं. हेड गॅस्केट फुटलेलं असेल तर कूलंटमध्ये धुराचा अंश सापडतो. त्याची चाचणी केली, चाचणीच्या द्रवाचा रंग बदलला नाही. मग ट्रेलरकडे वळलो, कारण ट्रेलरचे ब्रेक चिकटले तर मोकळा ट्रेलरही भरल्यासारखा जड होतो आणि आमच्यातले अर्धे लोक तिकडे बघतच नाहीत. जॅक लावून दोन्ही चाकं हातानं फिरवली. एका बोटानं फिरत होती.

मग ट्रेलरमध्ये साडेचारशे किलो भंगार भरलं आणि घाट चढून-उतरून आलो. भर दुपारची वेळ होती. सुई मध्यावरून हलली नाही.

दोष नव्हता. पान्याचं उत्तर मिळालं होतं आणि मला मनातून थोडं बरंही वाटलं, हे मी लपवत नाही. हा माणूस मला पहिल्यापासून पटलेला नव्हता. माझा अंदाज असा झाला की हा पलीकडून काहीतरी जड माल चोरून आणतो, वाटेत कुठेतरी उतरवतो आणि मोकळा ट्रेलर घेऊन घरी येतो. बाई नसेल, पण लबाडी नक्की.

लेकीला सांगण्याआधी मी त्याला गॅरेजवर बोलावून घेतलं आणि तोंडावर सांगितलं, गाडी ठणठणीत आहे, आता काय ते खरं बोल. तो हातातल्या टोपीकडे बघत उभा राहिला. त्याचे डोळे खोल गेले होते.

"मोकळा नेलात का?" त्यानं विचारलं.

"भरलेला नेला. भरलेला चढला म्हणजे मोकळा चढलाच. एवढं कळायला मेकॅनिक व्हावं लागत नाही."

"मोकळा न्या," तो म्हणाला. "आणि येताना पलीकडच्या चढावर जुना बसथांबा आहे, तिथे थांबा. मी तिथे डबा खातो. वॉर्निशचा वास जावा म्हणून मागचं दार उघडं टाकतो."

इतकं सलग तो माझ्याशी कधी बोलला नव्हता. मला ते नाटक वाटलं, पण नाही म्हणायला कारण सापडेना. लेकीच्या कानावर गेलं तेव्हा ती म्हणाली, मीही येणार. तो थांबा तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा होता. तिथे कोण भेटतं, हा तिच्या मनातला प्रश्न तिनं बोलून दाखवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला निघालो. ट्रेलर झाडून पुसून रिकामा केला होता, आत दोराचा तुकडासुद्धा नव्हता. वाटेत घाटाच्या पायथ्याशी खडीच्या खाणीचा वजनकाटा लागतो, तिथे गाडी पुढे काढून फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर घेतली. तीनशे चाळीस किलो. काटेवाला जुना ओळखीचा. रिकाम्या डब्याचं वजन करतोस, इंजिन सोडून तुझंच डोकं तापलंय, म्हणाला. लेक बऱ्याच दिवसांनी हसली.

घाट चढलो, पलीकडे उतरलो, गावात गाडी वळवली आणि परत निघालो. सुई मध्यावर होती. साडेबाराच्या सुमारास बसथांबा आला.

बोगदा झाल्यापासून त्या रस्त्यानं बस जात नाही. थांबा मात्र उभा आहे. सिमेंटचं छप्पर, तीन बाजूंना भिंती, आत लांब बाक. वेळापत्रकाच्या पाटीवर कुणीतरी पांढरा रंग फासून टाकलेला. आसपास वस्ती नाही. एक पायवाट दरीत उतरते आणि झुडपात दिसेनाशी होते. लेकीनं आधी बाकाखाली पाहिलं, मग मागच्या बाजूला जाऊन आली. सिगारेटचं थोटूक नाही, कागद नाही, काही नाही. सगळीकडे गुडघाभर गवत माजलं होतं, फक्त बाकापुढची जमीन उघडी होती, पायाखाली तुडवून कठीण झालेली.

मी मौनीनं सांगितल्याप्रमाणे ट्रेलरचं मागचं दार उघडं टाकलं. आम्ही गाडीच्या सावलीत बसून डबा खाल्ला. वारा पडला होता. आठ दिवसांपूर्वी रागाच्या भरात नवऱ्याला ती काय काय बोलली होती, ते तिनं मला तिथे सांगितलं आणि मग म्हणाली, "खोटं असलं तर मी कोणत्या तोंडानं माफी मागू?" मी म्हटलं, आधी खरं की खोटं ते तर कळू दे.

वीस मिनिटांनी उठलो. मी दार लावायला मागे गेलो. सकाळी ते दार एका हातानं लागलं होतं. आता शेवटची चार बोटं ते लागेना. कडीत काही अडकलं का पाहिलं. शेवटी खांदा लावून रेटलं, तेव्हा आतून काहीतरी मऊ मागे सरल्यासारखं झालं आणि कडी बसली. आतली रबरी पट्टी दुमडली असावी, असं मी स्वतःला सांगितलं.

क्लच सोडला आणि गाडी जागची हलेना.

पहिल्या गिअरमध्ये बरंच रेटल्यावर ती निघाली. इंजिनाचा आवाज मी ओळखतो. तो रिकाम्या ट्रेलरचा आवाज नव्हता. पहिल्या वळणावर सुई मध्याच्या वर आली. दुसऱ्या वळणावर लाल पट्ट्याला टेकली. हीटर पूर्ण चालू केला, खिडक्या उघडल्या, म्हणजे इंजिनाची थोडी उष्णता तरी आत ओढली जाईल. लेकीच्या कपाळावरून घाम निथळत होता, पण ती सुईकडे बघत होती आणि तिचा चेहरा उजळत चालला होता.

"तापली, बाबा," ती म्हणाली. "तो खरं बोलत होता."

"हो," मी म्हणालो.

माथ्यावर गाडी थांबवून बॉनेट उघडलं. मग तापमान मोजायची बंदूक घेऊन मागे गेलो. चाकांच्या मधले हब थंड होते, म्हणजे ब्रेक चिकटलेले नव्हते. चाकांचे टायर खाली बसले होते. पाट्याच्या स्प्रिंगा सपाट होऊन उलट्या वाकायच्या बेतात होत्या. ट्रेलरच्या पत्र्यावर हात ठेवला तर तो आतून कोमट होता, आणि उन्हाची बाजू ती नव्हती.

मी दार उघडलं नाही. अर्धा तास इंजिन निवेपर्यंत मी पुढेच बसून राहिलो. मला भीती वाटत होती, आणि लेकीला ते दिसू नये एवढीच माझी खटपट चालली होती. उतारावर ब्रेकचा तीनदा जळका वास आला.

खडीच्या खाणीवर पोचलो तेव्हा तीन वाजले होते. लेकीला म्हटलं, तू गाडीतच बस. सकाळसारखीच गाडी पुढे काढली आणि ट्रेलर काट्यावर घेतला. केबिनच्या भिंतीवर बाहेरून मोठे लाल आकडे दिसतात. ते फिरले आणि थांबले. सोळाशे साठ.

काटेवाल्यानं खिडकीतून डोकं काढलं. "काय भरून आणलंस रे?"

मी खाली उतरलो. मागे जाऊन कडी काढली आणि दाराच्या आडच उभा राहिलो.

आत काही नव्हतं. प्लायवूडची जमीन, प्लायवूडच्या भिंती, कोपऱ्यात उन्हाची एक तिरीप. लेकीनं सांगितलेला वास आला, अगदी तोच.

मी आकड्यांकडे पाहिलं. सोळाशे.

पंधराशे तीस.

मग पंधराशे ऐंशी झाले आणि लगेच चौदाशे सत्तर, जणू कुणीतरी पाय मागे घेतला आणि मग दोघं बरोबर खाली आले. तो काटा दहा किलोच्या खाली मोजत नाही. साठ. सत्तर. पन्नास. दर वेळी स्प्रिंग किंचित वर उचलायची आणि लोखंड कुरकुरायचं.

"माणसं उतरवतोयस का?" काटेवाला केबिनमधून ओरडला. त्याला तिथून ट्रेलरची मागची बाजू दिसत नाही. "एकेक करून नको. आकडा स्थिर होत नाही. सगळ्यांना एकदम उतरा म्हण."

मी मोजत राहिलो. दुसरं काही सुचत नव्हतं.

तीनशे साठला आकडा थांबला. बराच वेळ थांबला.

मग ते वीस किलोही उतरले.

पुढे दार उघडल्याचा आवाज आला, लेक खाली उतरली होती. गाडी मागून हलकी झाल्यासारखी वाटली, म्हणाली, काय केलंत? मी म्हटलं, कपलिंग सैल केलं. ती हसत हसत फोनवर नवऱ्याशी बोलायला बाजूला गेली. मी काटेवाल्याला हात केला. त्यानं हात केला नाही. तो खिडकीतून खाणीच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत होता.

संध्याकाळी मौनी तिला न्यायला आला. ती त्याच्यासमोर रडली, माफी मागितली, आणि त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी त्याची माफी मागितली नाही, पण त्याला वाकून बॅग उचलावी लागू नये म्हणून मी ती उचलली. एवढ्यानं त्याला कळलं असावं. मी त्याला एका बाजूला घेऊन सांगितलं की यापुढे त्या थांब्यावर थांबायचं नाही, दार उघडायचं नाही, डबा घरी येऊन खायचा. का, ते त्यानं विचारलं नाही. लगेच हो म्हणाला.

बॅग गाडीत ठेवताना मला एक शंका आली.

"घरी आल्यावर ट्रेलरचं दार कुठे उघडत होतास?"

"अंगणात," तो म्हणाला. "आल्या आल्या. वास जावा म्हणून."

दीड महिना, आठवड्यातून दोनदा. मी गुणाकार केला नाही. लेक पुढच्या सीटवर बसून आईला हात हलवत होती. इतक्या दिवसांनी ती हसताना दिसत होती आणि तिला खाली उतर म्हणायला माझ्याजवळ सांगण्यासारखं कारण नव्हतं. मी दार लावून घेतलं.

पंधरा दिवसांनी त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. गाडी आता तापत नाही, मौनी वेळेवर येतो, लेकीच्या अंगावर थोडं मांस आलं होतं. बायको दोघांकडे बघून डोळे पुसत होती. घर छोटं आहे, खाली दोन खोल्या आणि वर एक, वरच्या खोलीची लाकडी जमीन जावयानं स्वतः घातलेली. जेवणाच्या खोलीत शिरताना मला मधोमध तीन जाड टेकू दिसले, जमिनीपासून छतापर्यंत. चौथा भिंतीला टेकवून ठेवलेला होता.

"वाळवी लागली का?" मी विचारलं.

"नाही. लाकूड ठणठणीत आहे," तो म्हणाला. "पण तुळया वाकतायत."

"वर काय भरून ठेवलंयस?"

"काही नाही. खोली मोकळी आहे."

आम्ही जेवायला बसलो. लेक वाढत होती, आईला शेजारणीची काहीतरी गंमत सांगत होती. मधल्या टेकूखालची पाचर मी बघत होतो. हातोड्याचे चांगलेच घाव घालून ती बसवलेली दिसत होती. वरची तुळई किंचित वर उचलली गेली, तशी ती आपोआप सैल झाली आणि फरशीवर पडली. मग त्याच्या पुढचा टेकू कुरकुरला, जिन्याच्या बाजूचा. नंतर वरची पायरी वाजली, आणि तिच्या खालची.

जावयानं ताटातून मान वर केली नाही. लेकीनंही गोष्ट थांबवली नाही. बोलता बोलता तिनं आपली खुर्ची भिंतीकडे ओढून घेतली आणि जिन्याच्या पायथ्याशी वाट मोकळी केली.